पांढरी सावली

बेंगळूर, १४ जुलै १९५९

अक्का,

इथूनच तुझ्या पाया पडतो. तू म्हणशील, हा दोन महिने मेला होता का. मेलो नव्हतो. गिरणीतच आहे, आणि अजून त्याच गिरणीत आहे हे आधी ऐकून घे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चार महिने, हुबळीच्या वर्कशॉपात एक पावसाळा, असं माझं पुराण तू सगळ्या गल्लीला सांगत असतेस. इथं आता दुसरं वर्ष चाललंय.

गेल्या पंधरवड्यात गिरणीच्या दारात सरकारी मोटार आली, बसएवढी. आत यंत्र. आम्हाला सदरे काढून रांगेत उभं केलं. एकेकानं आत जायचं, थंडगार पत्र्याला छाती लावायची. आतला माणूस ओरडतो, "उसिरु हिडी." म्हणजे श्वास धर. धरला की खट्ट वाजतं, "सरी, होगु," आणि आपण बाहेर. माझ्या पुढचा एक जण परत रांगेत येऊन उभा राहिला. म्हणाला, काहीच दुखलं नाही, म्हणजे फोटो निघाला नसणार.

मग मला निरोप आला की छातीच्या दवाखान्यात या, मोठा फोटो काढायचा आहे. तिथं काचेच्या पेटीत दिवा लावला आणि माझा फोटो त्यावर अडकवला. अक्का, तो मी होतो. तोंड नाही, मिशी नाही, पण मीच. बरगड्या एकीखाली एक, सुतारानं गुण्यात मारल्यासारख्या. मधे काळीज, एका अंगाला कललेलं. आणि दोन्हीकडं काळोख. मी विचारलं, हा काळोख कसला? डॉक्टर म्हणाला, हवा आहे ती, तू आत घेतलेली. बघ म्हणजे, चोवीस वर्षं मी हे सगळं घेऊन गावोगाव हिंडतोय आणि मला पत्ता नाही. घरी परत चालत आलो तर रस्त्यातल्या प्रत्येक माणसाच्या सदऱ्याआड मला तो पिंजरा दिसत होता.

आणखी एकदा बोलावलंय. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझा नागनाथ

प्रेमा, इथून खालचं तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस. माझ्या उजव्या बाजूला, खालच्या काळोखात एक पांढरा डाग आहे, लिंबाएवढा. गंमत बघ, ढळढळीत पांढऱ्या डागाला ही डॉक्टर मंडळी सावली म्हणतात. मला खोकलाही फारसा नाही. तुझे दिवस भरत आलेत, तू तिकडं लक्ष दे. मामाचं मामा बघून घेईल.


निपाणी, २ ऑगस्ट १९५९

चिरंजीव नागनाथ,

तुला वाढवणाऱ्या बहिणीचा आशीर्वाद. मी सांगते आणि प्रेमा लिहिते. प्रेमाला मुलगा झाला. सुखरूप. जावई मधुकरराव कोल्हापुरास्नं पेढे घेऊन आले आणि बाळाला बघून नुसते हसत बसले, घ्यायची हिंमत नाही. मी म्हटलं, अहो, फुटत नाही ते.

आजवर सगळ्या गावाची पोरं मी पायावर घेऊन न्हाऊ घातली, आता आपलं घातलं. तुझे भाऊजी गेल्यावर याच हातांनी आपल्याला खायला घातलंय. पण आपल्या घरचं पोर पायावर आलं तेव्हा पाणी दोनदा हात घालून बघितलं, खोटं कशाला सांगू. अंग चोळलं, टाळू भरली, कानात नाकात तेल सोडलं. असा रडला की गल्ली जागी झाली. चांगलं असतं ते, छाती मोकळी होते.

फोटो काढलास म्हणतोस. चेहरा न काढता फोटो काढणारा कसला फोटोवाला? पैसे देऊ नकोस त्याला. आणि गिरणीत कापूस उडतो, तर रात्री उताणं पडून नाकात तेल सोडतोस का नाही? लहानपणी घोळणा फुटून तू रक्तानं भिजायचास. माझ्या ओव्याच्या तेलानं राहिलास. तेवढं एक तरी माझं ऐकत जा. बाकी काही ऐकलं नाहीस.

तुझी अक्का, तानूबाई

मामा, मी प्रेमा. खालचं मोठ्यानं वाचलं नाही मी. पण आईनं विचारलं, कागद तर अजून उरलाय. मी म्हटलं, कोरा आहे. डाग कसला ते नीट कळव.


बेंगळूर, ३० ऑगस्ट १९५९

अक्का,

बाळाला माझे शंभर मुके. तेल रोज सोडतो, एक रात्र चुकवलेली नाही. सध्या मी छातीच्या दवाखान्यात आहे. मोठा दवाखाना, भोवती झाडं, वारा भरपूर. जेवण वेळेवर. इथं एक पुण्याकडचे डॉक्टर आहेत, विद्याधर पाळंदे, आपलं मराठी ऐकून हसतात पण जीव लावतात. मजेत आहे.

तुझा नागनाथ

प्रेमा, आता तुझ्यापुरतं.

मी इथं रोगी म्हणून आहे. आधी त्यांनी क्षयच धरला. थुंकी काचेवर घेऊन पुन्हा पुन्हा बघितली, क्षयाचा जंतू सापडेना. तरी सुया टोचल्या, टोचून टोचून बसायची जागा ठेवली नाही. परत फोटो काढला. डाग होता तिथंच, होता तेवढाच. क्षय असता तर हलला असता म्हणे.

मला वाटायचं छातीचा रोग म्हणजे एकच, खोकायचं आणि मरायचं. इथं येऊन बघ. माझ्या डावीकडं मालोजी म्हणून आहे, सोन्याच्या खाणीत उमर घालवलेला. त्याच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांवर पांढरी बारीक खडी पसरलीय. दगडाची धूळ श्वासातून गेली आणि आत परत तिचा दगड झाला. तो म्हणतो, सोनं साहेबानं नेलं, धोंडा मला ठेवला. उजवीकडं उमाजी, चिकपेटेतला शिंपी. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, मराठीत निम्मं कानडी. माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "छत्तीस. खांदा स्वल्प उतरता." म्हणाला, "तीस वर्षं लोकांच्या छात्या मोजल्या रे तम्मा, पण बाहेरून." मला तम्मा म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ.

उमाजीला क्यान्सर आहे. डॉक्टर पाळंदे शिकाऊ पोरांना त्याचा फोटो दाखवून सांगत होते, मी पडल्या पडल्या ऐकत होतो. क्यान्सर नाव एकच, पण त्याच्या जाती निरनिराळ्या. एक नळीच्या तोंडाशी बसते, ती खोकल्यातून रक्त दाखवते, दार वाजवून येते म्हण. एक कडेला जाऊन बसते, कुणाला काही कळू देत नाही. एकीच्या पेशी बारक्या दाण्यांसारख्या, ती इतक्या वेगानं पसरते की फोटो वाळेपर्यंत जुना होतो. अंगावर काटा आला माझ्या. एवढ्याशा जागेत एवढी माया कुणी मांडून ठेवली असेल?

मग माझ्या घशातून नळी घातली. लोखंडी, सरळ, पावा असतो तेवढी लांब. घसा बधिर केला होता पण मी जागा. मान मागं, तोंड वर, आणि नळीच्या वरच्या टोकाला डॉक्टरांचा डोळा. विहिरीत वाकून बघावं तसा माणूस माझ्या आत बघत होता. मला दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटत होतं. बाहेर काढल्यावर मी खुणेनं विचारलं, काय दिसलं? म्हणाले, "वाट स्वच्छ आहे. डाग पार पलीकडे आहे, नळी पोचत नाही."

म्हणजे ती कडेला बसणारी जात असू शकते. तुझ्या वयात सहसा नाही, पण नाहीच असं कुणी लिहून दिलेलं नाही, असं बोलले. छाती उघडून उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढायचा म्हणतात. ऑक्टोबरात. मी हो म्हटलंय. मला पळून जाता येतं हे तुला माहीत आहे. या वेळी कुठं पळू? जाईन तिथं ते बरोबर येणार.

तुझ्या आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.


निपाणी, २० सप्टेंबर १९५९

चिरंजीव नागनाथ,

आशीर्वाद. गिरणी सोडलीस आणि दवाखान्यात नोकरीला लागलास हे फार चांगलं केलंस. प्रेमानं वाचलं तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. पुण्याकडचा डॉक्टर आहे तर त्याच्या हाताखाली नीट राहा, उलट बोलू नकोस. सगळ्या गल्लीत सांगितलं मी, आमचा नागनाथ मोठ्या दवाखान्यात आहे. विठाबाई म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, आता कायमचा.

कापडवाले आप्पाजी चिकपेटेला माल घ्यायला निघालेत, त्यांच्या हाती तेलाची बाटली पाठवते. या वेळी ओवा जास्त घालून कढवलंय. डॉक्टरलाही दे थोडं, दिवसभर रोग्यांत वावरतो बिचारा.

बाळाला थोडा कफ झालाय. मी आहे, तू काळजी करू नकोस.

तुझी अक्का

मामा, नोकरीचं मीच सांगितलं. वाचता वाचता मी मधेच अडले, आई विचारायला लागली काय झालं, तर तोंडातून तेच निघालं. तुला नोकऱ्या बदलायची सवयच आहे, तिला खरं वाटलं.

मामा, थोडा कफ नाही. बाळ दूध ओढता ओढता दमतं, सोडून देतं. बरगड्यांखाली खड्डा पडतो श्वास घेताना. इथल्या डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून सुई दिली, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. आई म्हणते कफ घट्ट झालाय, सुटायला हवा. आता सकाळ संध्याकाळ नाकात तेल घालते. तिच्या हातावर गावाचा भरवसा आहे, मी काय बोलू. इकडं बाळ, तिकडं तू. ऑपरेशन कधी आहे ते नक्की कळव.


बेंगळूर, ४ ऑक्टोबर १९५९

प्रेमा,

हे पत्र हातात पडल्या पडल्या उभ्यानंच वाच, आणि बाळाच्या नाकात तेल घालणं त्या क्षणापासून बंद कर. का ते खाली सांगतो. आधी बंद कर, मग वाच.

परवा आप्पाजी आले. मला खाटेवर बघून दारातच थबकले. "अरे, नोकरीला म्हणे तू इथं, आणि पलंगावर?" मी म्हटलं, रात्रपाळी असते. ते खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि म्हणाले, "मी काही बघितलं नाही. तानूबाईला सांगेन, पोरगं अंगानं भरलंय." बाटली ठेवून गेले.

काल सकाळी डॉक्टर पाळंदे फेरीला आले. बाटली उचलली, वास घेतला.

"हे काय रे, डोक्याला?"

"नाही साहेब, नाकाला."

"नाकाला म्हणजे?"

मी सांगितलं. झोपताना उताणं पडायचं, मान मागं टाकायची, एका नाकपुडीत सोडायचं, मग दुसरीत.

"किती?"

"भरेपर्यंत."

"कधीपासून?"

"कळतं तेव्हापासून. घोळणा फुटायचा माझा."

डॉक्टर खाटेवर बसले. एवढा मोठा माणूस, माझ्या मळक्या चादरीवर. म्हणाले, "मी तुला तासभर विचारत होतो. विडी ओढतोस का, कबुतरं पाळलीस का, दगड फोडलेस का. हे का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सवयी विचारल्या साहेब. रोज तोंड धुतो हेही नाही सांगितलं मी."

उमाजी हसायला गेला आणि खोकत सुटला.

आज त्यांनी मला वरच्या खोलीत नेलं. तिथं दुर्बीण आहे, पण खाली बघायची, बारकं मोठं करणारी. काचेच्या पट्टीवर माझीच थुंकी, तेवढं तेलच पकडतो असा रंग टाकलेली. म्हणाले, एक डोळा मीट. प्रेमा, आधी नुसता उजेड हलत होता. मग जागेवर आलं. मोठाल्या गोल पेशी, साबणाच्या फेसासारख्या, आणि प्रत्येकीच्या पोटात नारिंगी थेंब. दिवाळीत परातीत पणत्या लावून ठेवाव्यात तसे. मी मान वरच करेना. डॉक्टर म्हणाले, "ह्या तुझ्या छातीतल्या झाडूवाल्या. आत धूळ आली की ह्या उचलून नेतात. तेल आलं, तेही उचललं, गिळलं, आणि आता त्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नाही. पोटात तेल गेलं तर पचतं. छातीत ते पचवणारं कुणी नाही."

मी म्हटलं, पण मला कधी ठसका नाही लागला. म्हणाले, "तेच तर. पाणी चुकलं की ठसका लागतो, पाणी बाहेर येतं. तेल मऊ. वाटेवरच्या पहारेकऱ्याला कळतच नाही, ते झोपेत खाली उतरतं. बरीच वर्षं एका जागी साठलं की भोवती गाठ बांधली जाते, आणि फोटोत ती क्यान्सरसारखीच दिसते. मी पुढच्या आठवड्यात ती कापणार होतो."

पण अजून पक्कं म्हणत नाहीत. चाकू थांबवलाय. तेल बंद करायचं, नोव्हेंबर सरताना परत फोटो. सावली वाढली तर मी चुकलो, म्हणाले, मग एक दिवसही थांबायचं नाही.

मी जिना उतरायला लागलो. जमिनीला पाय लागत नव्हते. निम्म्या जिन्यावर तुझं बाळ आठवलं, बरगड्यांखालचा खड्डा. तसाच वर धावलो. साहेब, दोन महिन्यांच्या पोराला? रोज दोनदा? डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, बाळ रडत असताना घालतात ना? रडताना ते आत ओढून घेतं. त्याच्या छातीत जागाच केवढी. बेळगावला मोठ्या दवाखान्यात ने, फोटो काढ, आणि तेल सांग. रोग सांगू नकोस, तेल सांग. कुणी आपणहून विचारणार नाही.

आता खालचं मोठ्यानं वाच.

अक्का,

मी इथं नोकरीला नाही. आजारी आहे, तुझ्यापासून लपवलं. माझ्या छातीत गाठ आहे आणि ती बहुतेक तेलाची आहे, आपण रोज सोडतो त्याच तेलाची. माझा घोळणा तुझ्या तेलानं राहिला हे खरं. तेच तेल खाली उतरलं हेही खरं. मी डोळ्यानं बघितलं, नाहीतर माझाच विश्वास बसला नसता. बाळाला तेच झालेलं असू शकतं. तू कधी कुणाचं वाईट केलं नाहीस. तुला जसं तुझ्या सासूनं शिकवलं तसं केलंस, आणि मायेनं केलंस. पण आता बाळाच्या नाकाला हात लावू नकोस. तुझ्या पाया पडतो अक्का. आजवर तुझं एवढं एकच ऐकत आलो होतो, आता तू माझं एक ऐक.

नागनाथ


निपाणी, १३ ऑक्टोबर १९५९

मामा,

मी एकटीच लिहितेय, आई मागच्या दारी बसलीय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचून दाखवायचं धाडस झालं नाही. तेलाची वाटी लपवली फक्त. आईनं देव्हाऱ्यातलं तेल घेतलं. मी बाळाला मांडीवरून ओढून घेतलं तर भडकली. "माझ्या हातून गाव न्हालं, आणि माझीच पोर मला शिकवती?" दुसऱ्या सकाळी परत बाळाला पायावर घ्यायला आली, तेव्हा मी चुलीजवळ उभी राहून सगळं वाचलं, पहिल्या ओळीपासून.

मला वाटलं होतं तेलावरून कडाडेल. तिनं पहिलं काय विचारलं सांगू? "तो खाटेवर आहे? आणि आप्पाजी मला म्हणाला अंगानं भरलाय?" मग म्हणाली, "त्या झाडूवाल्यांचं परत वाच." मी वाचलं. "परत वाच." तिसऱ्यांदा वाचलं. नंतर उठली, बाळाला माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, "आजपासून तूच घाल न्हाऊ." मला कुठं येतंय मामा. पाणी कानात गेलं त्याच्या. ती भिंतीकडं तोंड करून बसून राहिली, वळून बघितलं नाही.

बाळाची धाप तशीच आहे. काल रात्रभर आईनं त्याला उभं छातीशी धरून फेऱ्या घातल्या. पहाटे गाठोडं बांधलं. म्हणाली, बेळगावला चल, आणि डॉक्टरला तेलाचं तू सांगायचं नाहीस, मी सांगणार.

उद्याच्या मोटारीनं निघतो.

प्रेमा


बेंगळूर, २९ नोव्हेंबर १९५९

अक्का,

दीड महिना झाला, तुझी एक ओळ नाही. आप्पाजी मधे येऊन गेले, त्यांना विचारलं तर म्हणाले बेळगावला जाऊन आली एवढं ठाऊक आहे, आता तानूबाई माझ्याशी बोलत नाही. बाळ कसं आहे ते कुणीतरी लिहा. वाईट असेल तरी लिहा.

माझा फोटो काढला. जुना आणि नवा, दोन्ही शेजारी शेजारी दिव्यावर लावले. डॉक्टर पाळंदे पट्टी घेऊन मोजत होते, मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. वाढलेली नाही. कडा थोड्या विरळ झाल्यात, धुकं उतरताना होतं तशा. सगळं कधी जाईल सांगता येत नाही म्हणाले, कदाचित थोडं कायमचं राहील. पण चाकू नको. मला घरी सोडणार आहेत.

मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण उमाजी गेला, मंगळवारी. त्याच्या आणि माझ्या फोटोत मला शेवटपर्यंत फरक करता आला नाही बघ. तशीच पांढरी, तशीच गोल. एका सावलीत तेल निघालं, एकीत नाही. त्याच्याही थुंकीला त्यांनी तोच रंग लावून बघितला होता, मी मागं लागलो म्हणून. काही सापडलं नाही. त्यानं मला बोलावून म्हटलं, "तुला विरजण लागलं रे तम्मा, माझं दूध नासलं." आणि बायकोला सांगून माझ्यासाठी सदरा शिवून ठेवला होता. घातला, बरोबर बसतो.

डॉक्टरांना विचारलं, तुम्हाला तरी फोटोवरून कळतं का? म्हणाले, "नाही कळत. म्हणून तर विचारत बसतो." इतकी यंत्रं, इतके दिवे, आणि शेवटी माणसाला विचारावंच लागतं. मी कधी कुठं टिकलो नाही, पण या माणसाजवळ उभं राहावंसं वाटतं. फोटो धुवायच्या खोलीत माणूस हवाय. मी विचारून ठेवलंय.

अक्का, रागावली असशील तर शिव्या दे. पण कळव.

नागनाथ


निपाणी, २० डिसेंबर १९५९

चिरंजीव नागनाथ,

रागावले नव्हते. सांगायला तोंड उघडत नव्हतं.

बाळ आहे. आता दूध ओढून पितं, दमत नाही. बेळगावच्या डॉक्टरनं दोन आठवडे ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, काय होतंय ते तुम्ही बघा, मी काय केलं ते सांगते. आणि सांगितलं. त्याच्यासमोर तेलाची वाटी किती असते ते हातानं दाखवलं.

मग त्यानं बाळाचा फोटो दिव्यावर लावला. नागनाथ, तू लिहिलं होतंस तेव्हा मला वाटलं होतं तू नेहमीसारखं फुगवून सांगतोयस. चिमणीच्या घरट्यातल्या काटक्या असाव्यात तशा बरगड्या. मधे काळीज, सुपारीएवढं. आणि दोन्हीकडं पांढरं धुकं. डॉक्टर म्हणाला, हे बहुतेक तेल. मी हात पुढं केला, त्यानं हात लावू दिला. काच गार होती. त्या पोराला मी रोज पायावर घेत होते, अंग न् अंग चोळत होते, आणि आत हे. मी विचारलं, निघेल का? म्हणाला, पुष्कळसं निघेल हळूहळू. आणि याची छाती अजून वाढायची आहे आजी, नवा भाग येत राहील, तो चांगला येईल. मला हे माहीतच नव्हतं, की छाती जन्मल्यावरही आत आत वाढत असते.

घरी आले आणि ज्या ज्या घरी मी न्हाऊ घालते तिथं तिथं गेले. सांगितलं, नाकात तेल घालू नका, मीही घालणार नाही. गंगव्वा म्हणाली, "अगं, आम्ही सगळे तुझ्याच तेलावर वाढलो." मी म्हटलं, जे वाढले तेवढेच मला दिसले. दोन घरांनी माझ्याऐवजी न्हाऊ घालायला विठाबाईला बोलावलं. ती नाकात तेल घालते. तिच्याही दारात जाऊन सांगून आले, तिनं दार लावून घेतलं. परत जाणार आहे.

आणखी एक. माझ्या हातचं एक पोर पूर्वी धापेनं गेलं होतं, मारुतीच्या देवळामागच्या घरातलं. सगळे म्हणाले नजर लागली. प्रेमा लिहिता लिहिता थांबलीय, मी तिला लिही म्हणते. तुझ्या डॉक्टरला विचार, ते तेलानं का? तो सांगू शकणार नाही, मला ठाऊक आहे. त्या पोराचा फोटो कुणी काढला नाही. तरी विचार.

त्या खोलीत काम मिळालं तर धर. आधी आठ दिवस इकडं येऊन जा, मला तुझी छाती बघायची आहे. दिसणार नाही काही, तरी.

काल गंगव्वाच्या नातीला पायावर घेतलं. अकरा दिवसांची. अंगाला तेल चोळलं, टाळूवर घातलं, पाणी ओतलं. नाकाशी आले आणि हात वर राहिला. घरातल्या बायका बघत होत्या. पोर रडायची थांबली, वाट बघत असल्यासारखी. मी हात पुसला, तिला उचललं आणि तिच्या छातीला कान लावला. इतकी पोरं या पायांवरून गेली रे, मी कधी आत ऐकलं नव्हतं. बारीक आवाज होता. येत होता, जात होता. गंगव्वा म्हणाली, "अगं, काय ऐकतीस?" मी हातानंच तिला गप्प बस म्हटलं.

तुझी अक्का